न फोडलेली सुपारी

तो पडला तेव्हा माझ्या हातात बेडपॅन होतं. रिकामं होतं, नुकतंच धुऊन आणलेलं, एवढंच नशीब.

मी ड्रेसिंग रूमच्या दाराशी पोचते न पोचते तोच आतून एक धिप्पाड गडी बाहेर आला, भिंतीला टेकला आणि टेकल्या टेकल्या खाली घसरला. दंड असे, की शर्टाच्या बाह्या ताणलेल्या. आत टेबलावर एक म्हातारा पाय पसरून बसला होता आणि पुष्पावती सिस्टर त्याच्या पायाची पट्टी सोडत होत्या. पट्टी अजून पुरती सुटलीसुद्धा नव्हती.

"पंकजा, त्याला बघ," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "पाय उचलून स्टुलावर ठेव, पाणी मार तोंडावर. काही होत नाही त्याला."

मी पाय उचलले. जड होते. पाणी मारलं. त्याच्या कपड्यांना दुधाचा वास येत होता – ताजा, धारोष्ण दुधाचा – आणि दवाखान्यातल्या फिनेलच्या वासात तो वास फार वेगळा वाटला. त्याने डोळे उघडले. शुद्धीवर आलेल्या माणसाला नाव विचारायचं असतं, हे मी त्याच आठवड्यात शिकले होते.

"नाव काय तुमचं?"

"हनुमंत."

मला हसू आवरेना. मी तोंडावर हात धरला, तर हातात ग्लोव्ह होता.

"हसताय काय सिस्टर?"

"काही नाही. पडून राहा. आणि मी सिस्टर नाही, कामाला आहे इथं."

"मग तुमाला म्हनायचं काय?"

"पंकजाताई म्हणा."

तो तसाच जमिनीवर आडवा, पाय स्टुलावर, केसातून पाणी गळतंय... आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई तर म्हननार न्हाई मी."

हा मुलगा पुरता शुद्धीवर आलेला आहे, एवढं मला कळलं. मी बेडपॅन उचललं आणि निघून गेले. कान मात्र गरम झाले होते.

मी खरंच सिस्टर नव्हते. बारावी सायन्स झाल्यावर मला नगरला नर्सिंगला जायचं होतं. दुसरं काही डोक्यातच नव्हतं. आमची वस्ती खर्ड्याजवळ. आई आणि तात्या दर वर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पोरीचं लग्न झालं, की त्याच हंगामात जोडी फडात उभी. आईचं तसंच झालं. माझं तसं होऊ नये हे तात्यांच्या मनात पक्कं होतं, पण नर्सिंगचा त्यांनी धसका घेतला होता. वस्तीवरची सायली नर्सिंगला गेली आणि दिवाळीच्या आत परत आली. रक्त बघून चक्कर यायची, घाण काढवेना. गावाने तिला इतकं हिणवलं की ती दळण आणायलासुद्धा बाहेर पडेनाशी झाली.

"आधी वरीसभर दवाखान्यात काम कर," तात्या म्हणाले होते. "हागणं-मुतणं काढ, रक्त बघ. जमलं तर फॉर्म भरू. न्हाई जमलं तर गुमान लग्नाला उभी ऱ्हायची."

मी व्हय म्हणाले. जामखेडला आत्याकडे राहिले आणि एका खाजगी दवाखान्यात लागले. चादरी बदलायच्या, फरशी पुसायची, बेडपॅन द्यायचं, पेशंटला कुशीवर वळवायचं, ट्रे धरून उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात मला उलटी झाली. तोंड धुतलं आणि परत गेले. पुष्पावती सिस्टर दुसऱ्या दिवसापासून ट्रे धरायला मलाच हाक मारायला लागल्या.

त्या म्हाताऱ्यांचं नाव सोपान. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. नान्नजचे. शुगर जुनी, आणि उजव्या तळपायाला भाजल्याची मोठी जखम. अंगठ्याजवळ काळपट झालेली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, जखम भरली तर ठीक, नाहीतर अंगठा काढावा लागेल. एक दिवसाआड ड्रेसिंग. मुलाचा दुधाचा टेम्पो होता. पहाटे गावोगावचं दूध गोळा करायचं, जामखेडच्या शीतकेंद्रावर उतरवायचं आणि रिकाम्या कॅनच्या शेजारी वडलांना बसवून आमच्याकडे आणायचं. फाटकाशी कॅन खडखडले की मला कळायचं. मी मुद्दाम बघायला जायचे नाही... पण व्हरांडा पुसायचं काम बरोबर त्याच वेळेला निघायचं, हेही खरं.

तो वडलांना टेबलावर बसवायचा आणि पट्टी सुटायच्या आत बाहेर.

"काय हनुमंतराव, आज उभे आहात अजून?" मी पोछा मारता मारता विचारायचे.

"तुमी हसा. तुमच्या हसन्यासाठीच पडलो हुतो त्या दिवशी."

"एवढं मोठं अंग, आणि भीती कशाची? कापसाची?"

यावर तो कॅनची झाकणं लावायला टेम्पोकडे निघायचा. बाकी चेष्टेला मात्र तो जागचा हलायचा नाही.

एकदा त्याने विचारलं, "तुमी हे काम का करता? शिकलेल्या दिसता की."

मी सांगितलं. तात्यांची अट, सायलीची गोष्ट, सगळं. आपण भडाभडा बोलतोय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा बादलीतलं पाणी गार झालं होतं.

"मंग जमतंय का?" त्याने विचारलं.

"जमतंय."

"मला वाटलंच. त्या दिवशी माझं पाय उचललं तवाच. कुनी बाई असं गपकन परक्याचं पाय उचलत न्हाई."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे झाडलं असतं. पण त्याने ते इतकं सरळ म्हटलं, की मी बादली उचलून नळाकडे गेले आणि तिथे उगाच जरा वेळ उभी राहिले.

एप्रिलच्या सुरुवातीला एका दुपारी अवकाळी आलं. वारा, धूळ, मग टपोरे थेंब आणि पत्र्यावर गारा. त्या दिवशी टेम्पोचं चाक पंक्चर झाल्याने ते दोघं उशिरा आले होते. डॉक्टर आणि सिस्टर आत डिलिव्हरीत अडकलेले. सिस्टर दारातूनच म्हणाल्या, "अण्णांची पट्टी आज तू कर. माझ्यादेखत कितीदा केलीस. काही वेगळं दिसलं तर हाक मार."

मी हात धुतले, ट्रे मांडला, पट्टी सोडली, आणि लाईट गेली. इन्व्हर्टर डिलिव्हरी रूमपुरताच. खिडकीबाहेर आभाळ इतकं भरलेलं, की जखमेचा रंगसुद्धा नीट दिसेना.

"हनुमंतराव!"

तो दारात आला.

"मोबाईलची बॅटरी लावा आणि इथं धरा."

"दुसरं कुनी..."

"दुसरं कुणी नाही. अण्णांचा पाय उघडा आहे. खाली बसून धरा, पडलात तर लागणार नाही."

तो बसला. उजेड आधी छताला लागला, मग भिंतीला, मग माझ्या तोंडावर.

"माझ्या तोंडाला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "पायावर धरा."

उजेड पायावर आला. मोबाईल दोन्ही हातांनी धरला होता, तरी हलत होता. मी कापूस भिजवून कडेकडेने पुसायला लागले. तो बघत होता. पहिल्यांदा बघत होता. आणि बघता बघता त्याच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच हनुवटीवरून गळत राहिलं.

"मीच केलंय ते," तो म्हणाला.

"काय?"

"हे. थंडीचं दिवस हुतं. अण्णा म्हनले, पाय गार पडल्यात. मी चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आन् पायाला लावली. इचारलं, लई गरम हाय का? तर म्हनले न्हाई, काईच लागंना, अजून तापव. मी अजून तापवली... सकाळी फडकं काढलं, तर त्याच्यासंगं कातडं आलं."

गारांचा आवाज एवढा होता, की शेवटचे शब्द मला जेमतेम ऐकू आले. अण्णांना मात्र ते पाठ असावेत. ते वरून म्हणाले, "मीच म्हनलो हुतो, तापव म्हनून. तवापसनं पोरगं माझ्या पायाकडं बगत न्हाई. तुमीच सांगा त्याला."

एवढे दिवस मी त्याला भित्रा म्हणत होते. मला फार वाईट वाटलं. पण समोर जखम उघडी होती, तिच्याकडे बघणं भाग होतं. मी गॉझ ठेवलं आणि म्हणाले, "शुगर जुनी झाली, की पायाला कळायचं बंद होतं. अण्णा खोटं बोलले नाहीत, त्यांना लागतच नव्हतं. यापुढे शेक असो, पाणी असो, त्यांना विचारायचंच नाही. आधी आपल्या मनगटाला लावून बघायचं."

"मनगटाला."

"हो. आणि वीट कधीच नाही."

त्याने खांद्याला हनुवटी पुसली. मग म्हणाला, "तुमी मला शिव्या देत न्हाई?"

"हात गुंतलेत. पट्टी झाली की देते."

तो रडता रडता हसला, तेव्हा उजेड पुन्हा भिंतीवर गेला. या वेळी मी तो तिथेच राहू दिला. खरं सांगते, तिथे त्या अंधाऱ्या खोलीत, गुडघ्यावर तो पाय घेऊन बसलेली असताना, मला हा माणूस आवडतो हे मला कळलं. आणि हे कळणं बिलकूल सोयीचं नव्हतं.

त्या दिवसानंतर तो बाहेर जाईना. ट्रेशेजारी उभा राहायचा आणि बघायचा. मग म्हणाला, मला शिकवा. सिस्टरनी परवानगी दिली, कारण अंगठ्याजवळचा काळा भाग सुटून जखम आता भरत चालली होती आणि घरी कुणाला पट्टी येत असेल तर त्यांनाही हवंच होतं. हात कसे धुवायचे, चिमट्याने गॉझ कसं धरायचं, बोटं कुठे लावायची नाहीत, हे त्याने दोनदा बघून उचललं. पट्टी मात्र गुंडाळता येईना. कधी सैल, कधी इतकी आवळलेली की पायाची काकडी दिसायची.

"सराव करा," मी म्हणाले.

"कुनावर?"

मी इकडेतिकडे बघितलं. मग आपलं मनगट पुढे केलं.

त्याची बोटं दुधाच्या कॅनच्या कड्या उचलून राठ झालेली. पण पट्टी फिरवताना ती इतक्या सांभाळून फिरत होती, की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

"घट्ट झाली का?"

"विचारायचं नाही म्हटलं ना? बघायचं. नखं बघा. पांढरी पडली तर घट्ट, गुलाबी असली तर बरोबर."

त्याने माझी बोटं हातात घेतली आणि नखं बघितली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मग परत करंगळीपासून अंगठ्यापर्यंत.

"गुलाबी हायेत," तो हळूच म्हणाला. "आता तर लालच झाल्यात."

"नखं बघून झाली असतील तर वॉर्डातल्या चादरी बदल पंकजा," दारातून सिस्टरचा आवाज आला. मी मनगटाला पट्टी तशीच घेऊन पळाले. चादरी बदलताना दोन पेशंटनी विचारलं, सिस्टर, हाताला काय लागलं?

काही दिवसांत आई-तात्या फडावरून परत आले. तात्या उन्हाने काळेठिक्कर पडलेले, पण आल्या आल्या अंघोळ करून थेट दवाखान्यात. मला न विचारता पुष्पावती सिस्टरपुढे उभे राहिले.

"आमच्या पोरीचं कसं काय? जमंल का?"

सिस्टर म्हणाल्या, "पहिल्याच आठवड्यात उलटी झाली तिला."

तात्यांचं तोंड पडलं.

"तोंड धुऊन परत आली. माझ्याकडे पुष्कळ मुली येऊन गेल्या, तोंड धुऊन घरी गेलेल्या जास्त. हिला पाठवा."

तात्यांनी मान हलवली. येताना वाटेत त्यांनी मला उसाचा रस पाजला. आमच्या तात्यांना उसाचा वाससुद्धा नको असतो, त्यामुळे ही मोठीच गोष्ट होती. मला वाटलं, झालं. जिंकले.

पण मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, एका संध्याकाळी मी वस्तीवर आले होते, तेव्हा तात्या हसत घरी आले. नान्नजहून निरोप आला होता. सोपानअण्णांनी त्यांच्या मेहुण्याच्या, सहादेव मामांच्या तोंडून मागणं घातलं होतं. रविवारी बघायला येणार.

"बागायत हाय, म्हशी हायेत, सवताचा टेम्पो हाय," तात्या आईला सांगत होते. "पोरगं निर्व्यसनी. म्हातारा तर म्हनतोय, पोरीचा हात लई हलका हाय, तीच पायजे. आपल्या पोरीला जल्मात कोयता धरावा लागनार न्हाई, चांगुणे!"

आईचे डोळे भरले. माझेही भरले, पण वेगळ्या कारणाने.

"आणि नर्सिंग?" मी विचारलं.

"आता कशाला?" तात्यांना खरंच कळेना. "कोयता चुकावा म्हनूनच तर शिकवनार हुतो ना तुला? आता शिकल्याबिगर चुकतोय."

त्यांचं चूक नव्हतं, हीच तर पंचाईत. भांडायला समोर कुणीतरी वाईट माणूस लागतो. इथे सगळे माझ्या भल्याचंच बघत होते आणि मला तर रडूच येत होतं. मला नर्सिंगला जायचं होतं. आणि मला हनुमंत हवा होता. एक हातात आलं की दुसरं जाणार, असा हा चांगुलपणा!

दुसऱ्या दिवशी कॅन खडखडले तेव्हा मी व्हरांड्यात गेले नाही. तोच नळापाशी आला.

"अण्णांनी परस्पर केलंय," तो म्हणाला. "मला काल कळलं. तुमाला वाटंल, मीच..."

"मला काही वाटत नाही."

"रागावलाय."

"मला चादरी धुवायच्यात."

तो वाट अडवून उभा नव्हता, बाजूलाच होता, पण मला जाता येईना. टोपीचा कोपरा मुरगाळत त्याने विचारलं, "मी नको म्हनून सांगू का?"

काय सांगणार? नको म्हणा म्हटलं तर नान्नजचा रस्ता बंद. म्हणू नका म्हटलं तर नगरचा. मी बादलीत साबण टाकला. आणखी टाकला. फेस काठावरून खाली यायला लागला.

"मला विचारू नका," मी म्हणाले.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इचारायचं न्हाई. बगायचं. व्हय ना?" आणि निघून गेला.

रविवारी ते आले. आमच्या पत्र्याच्या घरापुढचा ओटा आईने सारवून ठेवला होता. अण्णा खुर्चीवर, पाय लांब करून. शेजारी सहादेव मामा, पांढरा फेटा बांधलेले. हनुमंत इस्त्रीच्या शर्टात, बाजेच्या अगदी कडेला. मी पोहे दिले, चहा दिला. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. अण्णा खूश होते.

"मला काय नवं बगायचंय व्हय?" ते म्हणाले. "माझा पाय हिनंच वाचवला. घरात सिस्टर आली म्हंजे दवाखान्याचं हेलपाटं संपलं. शिकायचं काय ऱ्हायलंय आता? हाताला येतंय तेवढं आमाला बास."

तात्या हसले. सहादेव मामांनी खिशातून सुपारी काढली, आणि आईला म्हणाले, "आक्का, अडकित्ता आना."

आमच्याकडे सुपारी फुटली की संपलं. मग कुणी मागे फिरत नाही. चार माणसांदेखत दिलेला शब्द, लग्नाइतकाच पक्का. आई आत वळली. मी रिकाम्या बश्या घेऊन दारातच उभी राहिले.

"थांबा," हनुमंत म्हणाला. "आज अण्णांच्या पट्टीचा दिवस हाय."

"आरं, घरी गेल्यावर बगू."

"न्हाई. टाईम झालाय."

तो टेम्पोकडे गेला. पिशवी आणि थर्मास घेऊन आला. ओट्याच्या कडेला बसून माझ्याकडे न बघता म्हणाला, "हातावर पानी घालता का?"

मी तांब्या घेतला. त्याने साबण लावून हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, मनगटापर्यंत, मी शिकवले तसे. आमच्या शेजारच्या दोन बायका कुडाच्या आडून बघत होत्या. बघायला आलेला मुलगा भर कार्यक्रमात म्हाताऱ्याचा पाय मांडीवर घेऊन बसलाय, असं कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

त्याने पट्टी सोडली. जखम बरीच आक्रसली होती, कडा गुलाबी झाल्या होत्या. थर्मासमधलं उकळून कोमट केलेलं पाणी त्याने वाटीत ओतलं... आणि आधी आपल्या मनगटावर घेतलं. थांबला. अण्णांना काही विचारलं नाही. मग पायावर सोडलं. हात जरासुद्धा हलत नव्हता. मी तांब्या धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. सगळ्यांना ती दिसत होती आणि मला तिची लाज वाटत नव्हती.

पट्टी बांधून झाल्यावर तो म्हणाला, "अण्णा, तुमच्या पायाला मी हाय. पायासाठी मला बायकू नको."

"मंग कशासाठी पायजे?" सहादेव मामांनी विचारलं.

हनुमंत कानापर्यंत लाल झाला. "ते... तिला सांगीन."

कुडाच्या आड खसखस पिकली. तो उठला आणि तात्यांपुढे उभा राहिला. "तात्या, तिला शिकू द्या. वरीसभर घाण काढली तिनं, ती माझ्या घरी पट्ट्या बांधायला न्हाई. तीन वर्सं शिकू द्या. तवर सुपारी फोडू नका."

तात्यांना राग यावा की हसू, ते कळेना. "तीन वर्सं थांबनार तू?"

"थांबीन."

"आन् तवर तुला दुसरीकडनं सांगून आलं तर?"

"येऊ द्या की. मला दूध घालायचं असतंय, वेळ कुठं हाय?"

तात्या माझ्याकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "तुझं काय म्हननं?"

"मला नर्सिंगला जायचंय तात्या," मी म्हणाले. हातातला तांब्या मी खाली ठेवला. "आणि..."

"आन् काय?"

"आणि तोवर या घरात दुसऱ्या कुणाची सुपारी यायला नको."

आईने पदर तोंडाला लावला. अण्णा पट्टीकडे बघत होते. बघून बघून म्हणाले, "बांधलीय मातूर झकास." मग जरा वेळाने, "पायाचं निमित्त हुतं रं. मला सून पायजे हुती." त्यांनी सहादेव मामांच्या हातातली सुपारी घेतली आणि हनुमंतच्या तळहातावर ठेवली. "ठेव. हरवलीस तर बग."

जून सरता सरता फॉर्म भरला. नगरला जीएनएमला, म्हणजे तीन वर्षांच्या नर्सिंगला, नंबर लागला. नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण निरोप देताना आत्याच्या तोंडी नगरच होतं. तात्या आणि आई मला जामखेडच्या स्टँडवर सोडायला आले. पुष्पावती सिस्टर ड्युटी सोडून आल्या नाहीत, त्यांनी चपलांचा नवा जोड पाठवला. उभं राहून पाय दुखतात, त्याला चांगल्या चपला लागतात, एवढाच निरोप.

गाडी लागली आणि कॅन खडखडले. टेम्पो स्टँडच्या फाटकात आडवा लावून तो धावत आला. कंडक्टर ओरडला. तात्यांनी पाठ केली आणि आईला म्हणाले, "चल, पान्याची बाटली घेऊ." बाटली माझ्या हातात होती.

"अण्णांचा पाय?" मी विचारलं.

"भरला. अंगठा ऱ्हायला. चालत्यात आता, पायतान घालून." त्याने खिशात हात घातला. सुपारी काढली. शर्टाबरोबर धुतली गेली असावी, चकचकीत झाली होती. "ही तू ठेव."

तू म्हणाला. पहिल्यांदाच. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण ते तू मी पुढे महिनाभर पुरवून ऐकलं.

"माझ्याकडे कशाला?"

"माझ्यापाशी असली, की तुला वाटंल मी तुला बांधून ठेवलंय. तिकडं डॉक्टर-बिक्टर असतील, लई शिकलेले..." त्याने मान खाली घातली. "फोडायची का न्हाई, ते तुझ्या हातात पायजे."

"आणि त्या दिवशी म्हणालात, तिला सांगीन. ते सांगायचं राहिलंय."

"काय?"

"बायको कशासाठी पाहिजे."

गाडी सुरू झाली. कंडक्टरने घंटी मारली. तो माझ्याबरोबर दारापर्यंत चालत आला, मी पायरीवर चढले.

"मला घरात कुनीच हसत न्हाई," तो म्हणाला. "तू मला हसतीस ना... तसं रोज पायजे."

मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम. मी सुपारी मुठीत घट्ट धरली. गाडी हलली, तेव्हा दारातून वाकून ओरडले, सगळ्या स्टँडने ऐकलं, तात्यांनीसुद्धा:

"हनुमंतराव, सुपारी माझ्याकडं हाय. तीन वर्सांनी अडकित्ता तुमी आना!"